राजगड-तोरणा लाकडात: घरच्या सीएनसीवर उठावाचा नकाशा कसा कोरावा

घरात छोटं सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या सूचनांनुसार कोरणारं यंत्र, आलं की आधी दारावरची नावाची पाटी कोरली जाते, मग एखादा गणपती, मग भेट द्यायच्या दोन-चार वस्तू. त्यानंतर मशीन कोपऱ्यात पडून राहण्याआधी एक काम जरूर करून पाहा: आपल्या ओळखीचा डोंगर लाकडात उतरवा. दिवाळीत मातीचा किल्ला केलेल्या कुणालाही यातला आनंद समजावून सांगावा लागणार नाही. इथे फक्त माचीची लांबी आणि खिंडीची खोली अंदाजाने न ठरता मोजून येते.

हा लेख नवख्यांसाठी आहे. तुमच्याकडे ३०१८ जातीचं मशीन आहे, म्हणजे कामाला साधारण ३०० × १८० मिलिमीटर जागा आणि ४५ मिलिमीटर उभी चाल आहे, आणि त्यावर तुम्ही एखादी पाटी कोरली आहे, एवढं धरून चाललो आहे. मशीन मोठं असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील. मशीनच नसेल तर एखाद्या फॅब लॅबमध्ये, म्हणजे अशी यंत्रं इतरांना वापरू देणाऱ्या कार्यशाळेत, चौकशी करा. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब आहे.

सगळा लेख ज्या गोष्टीभोवती फिरतो ती आधीच सांगतो. नकाशा चांगला होणार की नाही हे लाकडाला बिट, म्हणजे कोरणारं पातं, लागण्यापूर्वी ठरतं. भूभाग कोणता, उंचीची माहिती कुठली, प्रमाण काय आणि उंची किती पटीने वाढवली, या चार निर्णयांना सवड द्या. नवखा माणूस हे चारही घाईत उरकतो आणि मग पॉलिशवर आठवडा घालवतो.

डोंगर कोणता घ्यायचा

थोड्या जागेत भरपूर उंचसखलपणा असेल असा भाग निवडा, आणि शक्यतो स्वतः पायी फिरलेला. फिरलेल्या डोंगरात चूक लगेच कळते. एखादी सोंड उलट्या बाजूला उतरताना दिसली की फाईल कुठेतरी आरशासारखी उलटली आहे हे तुमच्या लक्षात येईल. अनोळखी डोंगरात ते कधीच कळणार नाही.

उदाहरणासाठी मी राजगड-तोरण्याचा पट्टा घेतो. दोन्ही किल्ले एकमेकांपासून हवाई अंतराने सुमारे सात किलोमीटरवर आहेत आणि मधली डोंगरधार त्यांना जोडते. संजीवनी माचीवरून उतरून बुधला माचीवर चढणाऱ्या ट्रेकर्सना ती धार पाठ असते. उत्तरेला कानंदी आणि गुंजवणीची खोरी, दक्षिणेला वेळवंडीचं खोरं. राजगडाच्या तीन माच्या तीन दिशांना फाकलेल्या, मधोमध बालेकिल्ला. लाकडात याहून बोलका आकार मिळणं कठीण. कळसूबाईची रांग, हरिश्चंद्रगड, साल्हेर-सालोटा किंवा घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारा कुठलाही पट्टा हेही उत्तम विषय आहेत. पहिल्याच खेपेला अख्खा महाराष्ट्र मात्र घेऊ नका. कारण पुढे येईलच.

उंचीची माहिती

आपल्याला हवा असतो उंचीचा जाळीदार नकाशा: जमिनीचे चौकोनी तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला एक उंची दिलेली फाईल. अशी माहिती फुकट मिळते, आणि तिचे तीन स्रोत माहीत असले की पुरे.

पहिला एसआरटीएम. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर हे अवकाशयान अकरा दिवस रडार घेऊन पृथ्वीभोवती फिरलं, त्या मोहिमेतली ही मोजणी. दुसरा युरोपच्या कोपर्निकस उपक्रमाचा जीएलओ-३०, जो जर्मनीच्या टॅनडेम-एक्स उपग्रहांच्या २०११ ते २०१५ या काळातल्या रडार मोजणीवरून तयार झाला. तिसरा आपल्या इस्रोचा कार्टोडेम, २००५ साली सोडलेल्या कार्टोसॅट-१ च्या चित्रजोड्यांवरून केलेला. तो भुवन संकेतस्थळावर मिळतो. तिन्हींत एक चौकोन साधारण ३० मीटरचा असतो.

सह्याद्रीसाठी मी कोपर्निकस घ्या म्हणेन. रडार तिरकं पाहतं, त्यामुळे उभ्या कड्यांच्या आड सावली पडते. एसआरटीएमच्या मूळ मोजणीत अशा जागी पोकळ्या राहिल्या आणि त्या नंतर इतर माहितीने भरल्या गेल्या. शिवाय २००० नंतर बांधलेल्या धरणांचं पाणी तिच्यात असणार नाही. कोपर्निकसची एक मर्यादा आहे: तो जमिनीऐवजी वरच्या पृष्ठभागाची उंची देतो, म्हणजे दाट जंगल असेल तिथे झाडांचे शेंडे मोजले जातात. या प्रमाणावर त्याने फारसं बिघडत नाही.

ओपनटोपोग्राफी या संकेतस्थळावर मोफत खातं उघडा, कोपर्निकसचा ३० मीटरचा संच निवडा आणि चौकट द्या: रेखांश ७३.५५ ते ७३.७५ पूर्व, अक्षांश १८.२० ते १८.३२ उत्तर. जिओटिफ प्रकारची फाईल उतरवून घ्या. हवा त्यापेक्षा थोडा मोठा भाग घेतला आहे, कारण कडा नंतर कापायच्या आहेत.

आता ३० मीटरच्या चौकोनात काय हरवतं हे आधीच समजून घ्या, म्हणजे नंतर हिरमोड होणार नाही. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी येणार नाही, ती एका चौकोनात बुडून जाते. पद्मावती तलाव येणार नाही. बालेकिल्ला येईल, पण थोडा बोथट. आणि सुवेळा माचीचं नेढं तर कितीही बारीक माहिती आणली तरी येणार नाही, कारण या प्रकारच्या फाईलीत एका जागेला एकच उंची असते. आरपार भोक किंवा आत वळलेला कडा तिच्यात मांडताच येत नाही. तीन अक्षांचं मशीनही वरूनच खाली उतरतं, त्यामुळे त्यालाही तो कोरता येत नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा म्हणूनच लाकडात नेहमी बाहेर उतरता दिसतो, प्रत्यक्षातल्यासारखा पोटात गेलेला दिसत नाही. काही जण संगणकात असे तपशील हाताने भरतात. माझं मत विचाराल तर ते टाळा. मोजलेली जमीन आणि कल्पनेतली जमीन एका फळीवर मिसळली की पाहणाऱ्याला कशावर विश्वास ठेवावा ते कळत नाही.

क्यूजीआयएसमधलं काम

क्यूजीआयएस हा नकाशांवर काम करायचा मोफत प्रोग्राम आहे. फाईल त्यात ओढून टाका. आधी राखाडी चौकोन दिसेल; लेयरच्या सिम्बॉलॉजीत जाऊन हिलशेड निवडलंत की डोंगर उठून येतील. इथेच थांबून राजगड आणि तोरणा ओळखू येतात का ते पाहा.

पुढची पायरी बरेच जण गाळतात. उतरवलेली फाईल अंशांत असते, आणि आपल्याकडे रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या अंशापेक्षा लहान असतो. १८ अंशांच्या आसपास एका अक्षांश अंशाचे सुमारे ११०.७ किलोमीटर होतात, तर रेखांश अंशाचे सुमारे १०५.७. फाईल तशीच वापरली तर डोंगर पूर्व-पश्चिम पाच टक्के ताणले जातात. म्हणून रास्टर मेनूतला वॉर्प पर्याय वापरून ती यूटीएम ४३ उत्तर या मीटरमधल्या प्रक्षेपात आणा. त्याचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३. त्याच खिडकीत रीसॅम्पलिंगची, म्हणजे जुन्या उंचींवरून नव्या जाळीतल्या उंची काढायची, पद्धत विचारली जाते आणि तिथे नियरेस्ट नेबर आधीच निवडलेलं असतं. ते बदलून क्युबिक करा. नियरेस्ट ठेवलं तर उतारांवर बारीक पायऱ्या आणि आडव्या रेघा उमटतात. पडद्यावर त्या सहज नजरेतून सुटतात, पॉलिश केल्यावर लाकडात ठळक दिसतात.

मग चौकट कापा. आपल्याला पूर्व-पश्चिम १३ किलोमीटर आणि उत्तर-दक्षिण ८ किलोमीटर हवेत. मध्यबिंदू साधारण ७३.६५ पूर्व, १८.२६ उत्तर धरा. तोरणा वायव्येला आणि राजगड आग्नेयेला येईल, दोघांच्या भोवती श्वास घ्यायला जागा राहील. कापलेल्या लेयरच्या माहितीत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त उंची पाहून कागदावर लिहा. वरचा आकडा तोरण्याच्या १,४०३ मीटरच्या जवळपास असेल, पण चौकोनाची सरासरी असल्याने थोडा कमीही दिसू शकतो. खालचा आकडा खोऱ्यातला, साडेसहाशेच्या आसपास. पुढचा हिशेब मी साडेसातशे मीटरच्या फरकावर करतो; तुम्ही तुमच्या फाईलीतले आकडे घाला.

प्रमाण आणि उंचीची पट

१३ किलोमीटर २६० मिलिमीटरमध्ये बसवले की प्रमाण येतं १:५०,०००. मुद्दाम हेच निवडलं आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नेहमीच्या टोपोशीटचं हेच प्रमाण, २० मीटर अंतराच्या समोच्च रेषांचं. त्यामुळे कोरलेली फळी आणि टोपोशीट शेजारी ठेवून वाट, धार, ओढा बोटाने जुळवता येतो. राजगड आणि तोरणा लाकडात १४ सेंटिमीटर अंतरावर येतात, आणि ३० मीटरचा चौकोन ०.६ मिलिमीटरचा होतो. हा ०.६ आकडा लक्षात ठेवा. याहून बारीक काहीही कोरण्यात अर्थ नाही, कारण त्याहून बारीक माहितीच आपल्याकडे नाही.

याच प्रमाणात साडेसातशे मीटर म्हणजे १५ मिलिमीटर. खरं तर सह्याद्रीला एवढंही चालतं. पण भिंतीवर टांगलेली फळी आपण दोन पावलांवरून पाहतो, आणि तेवढ्या अंतरावरून डोंगर खऱ्यापेक्षा चपटे वाटतात. म्हणून उंची थोडी वाढवतात. प्रश्न किती वाढवायची हाच आहे, आणि याबाबत माझा आग्रह आहे: सह्याद्रीत दीड पटीच्या पुढे जाऊ नका. मी १.४ घेतो. १५ चे २१ मिलिमीटर होतात. ४५ अंशांचा उतार सुमारे साडेचोपन्न अंशांचा होतो, म्हणजे डोंगर ताठ दिसतो पण ओळखू येतो. तीन पट केलीत तर तोच उतार बाहत्तर अंशांच्या जवळ जातो. मग सोंडा सुऱ्यांसारख्या उभ्या राहतात, खिंडी फटी होतात, आणि सह्याद्रीची जी खूण आहे ती नाहीशी होते: कडा, मग पठार, मग पुन्हा कडा. लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेली ही रचना आहे, आणि तिच्या सपाट पायऱ्या टिकल्या तरच डोंगर आपला वाटतो.

अख्खा महाराष्ट्र नको म्हटलं ते यासाठीच. राज्याची सुमारे ८०० किलोमीटरची रुंदी ४०० मिलिमीटर फळीवर आणली तर प्रमाण होतं १:२०,००,०००. तिथे १,६४६ मीटरचं कळसूबाई एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. पंधरा-वीस पट वाढवल्याशिवाय काही दिसणार नाही, आणि वाढवल्यावर जे दिसेल ते चित्र म्हणून छान असलं तरी डोंगर म्हणून खरं नसेल. देशाचा नकाशा कधी घेतलाच, तर सीमा सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच कोरा. चुकीची सीमा दाखवणं कायद्याने गुन्हा आहे.

आता त्रिमितीय फाईल. क्यूजीआयएसमध्ये डीईएम-टू-थ्रीडी नावाचं प्लगइन बसवा. त्यात प्रमाण, उंचीची पट, पायाची उंची आणि बिंदूंमधलं अंतर द्यायचं की एसटीएल फाईल मिळते. अंतर ०.३ मिलिमीटर ठेवा, आपल्या ०.६ च्या निम्मं. फाईल साधारण ४५ एमबीची होईल. ०.१ ठेवलंत तर ती नऊ पट फुगेल, संगणक रडकुंडीला येईल आणि डोंगरात एक ओढाही वाढणार नाही. प्लगइन जमत नसेल तर आयोवा स्टेट विद्यापीठाचं टचटेरेन हे संकेतस्थळ ब्राउझरमध्येच एसटीएल बनवून देतं.

लाकूड

लाकडाच्या वखारीत जाताना काय कोरायचं आहे ते सांगा. बारीक आणि एकसारख्या तंतूंचं, गाठ नसलेलं, नीट सुकलेलं लाकूड हवं. पहिल्या नकाशासाठी माझी पसंती शिवणीला. ती हलकी, मऊ, फिकट रंगाची असते आणि पावसाळ्यातही फारशी हलत नाही. स्टीम बीच मोठ्या शहरांतल्या टिंबर मार्केटमध्ये मिळतं, पुण्यात भवानी पेठेत पाहा. तेही उत्तम कोरलं जातं, फक्त जरा कठीण. सागवान दिसायला राजा, पण त्यात सिलिका असल्याने बिटाची धार लवकर जाते, म्हणून ते दुसऱ्या-तिसऱ्या कामासाठी ठेवा. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन टाळा: एक वळ मऊ, दुसरा कडक, आणि शिखरांवर केसाळ तंतू उभे राहतात.

फळीवर वर्षवलयांच्या लांब कमानी दिसत असतील तर ती नकाशासाठी भाग्याची समजा. डोंगर कोरला गेला की त्या रेषा शिखराभोवती वळसे घेतात आणि समोच्च रेषांचा भास होतो. खऱ्या समोच्च रेषा हव्या असतील तर बर्च प्लायवुड घ्या. त्याच्या १८ मिलिमीटरच्या तावात तेरा थर असतात, एक थर सुमारे १.४ मिलिमीटरचा. आपल्या उभ्या हिशेबात तो बरोबर ५० मीटर होतो. दोन ताव चिकटवून ३६ मिलिमीटर जाडी करा, आणि दर ५० मीटरला गडद-फिकट रेघ आपोआप मिळेल. साधं बाजारी प्लाय मात्र नको, आत पोकळ्या निघतात.

फळी ३०० × १९० मिलिमीटर आणि ३२ मिलिमीटर जाड घ्या. २१ मिलिमीटर खोदल्यावर खाली ११ उरतात, आणि ते उरायलाच हवेत. एका बाजूने कोरलेली फळी आतला ताण सुटल्यामुळे वाकू पाहते; पाया पातळ असेल तर नक्की वाकते. आणल्यावर दोन-तीन आठवडे घरात, दोन्ही बाजूंना हवा लागेल अशी ठेवा. ऐन पावसाळ्यात आणलेली फळी कोरडे दिवस येईपर्यंत ठेवणं शहाणपणाचं. विकत घेण्याआधी मशीनवर एक मोजमाप करा: स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) पूर्ण वर असताना बिटाचं टोक फळीच्या वर निदान पाच मिलिमीटर राहतं का? ३०१८ वर ही जागा तुटपुंजी असते, म्हणून खालची बळीची फळी (बिट खाली गेलंच तर मशीनच्या बेडऐवजी कोरली जाणारी) तीन मिलिमीटरच्या आसपास पातळ ठेवा.

बिट आणि टूलपाथ (बिटाची वाट)

दोन बिटं लागतात. जास्तीचं लाकूड काढायला ३.१७५ मिलिमीटरचं सपाट टोकाचं, दोन धारांचं. अंतिम पृष्ठभागासाठी निमुळतं, गोल टोकाचं बॉल नोज. दुकानदार 'आर ०.५' म्हणतो तेव्हा तो त्रिज्या सांगत असतो, म्हणजे टोकाचा व्यास एक मिलिमीटर. सॉफ्टवेअर मात्र बहुधा व्यास विचारतं. इथे ०.५ भरलंत तर सगळा हिशेब चुकतो. आर ०.५ आपल्या ०.६ मिलिमीटरच्या चौकोनाला अगदी योग्य, आर ०.२५ घेऊन वेळ दुप्पट करायचं कारण नाही. दोन्ही बिटांचा कापणारा भाग किमान २०-२२ मिलिमीटर लांब असावा आणि कॉलेटच्या (बिट पकडणाऱ्या चापाच्या) बाहेर निदान २४ मिलिमीटर यावा. बिट आखूड असेल तर खोऱ्यात उतरताना कॉलेटचं नट फळीच्या काठावर आपटतं.

किरी:मोटो हा प्रोग्राम ब्राउझरमध्ये मोफत चालतो, सुरुवातीला तो पुरेसा आहे. एसटीएल टाका, सीएनसी मोड घ्या, झेडचा, म्हणजे उभ्या अक्षाचा, शून्य फळीच्या वरच्या पृष्ठभागावर ठेवा. मग दोन क्रिया जोडा: आधी रफ (जास्तीचं लाकूड काढणं), नंतर कंटूर (अंतिम फेरी).

रफसाठी शिवणीवर ३०१८ ला झेपणारे आकडे असे: एका फेरीत १ मिलिमीटर खोल, बाजूचं (दोन ओळींमधलं) अंतर १.६ मिलिमीटर, वेग मिनिटाला ८०० मिलिमीटर, आणि अंगावर अर्धा मिलिमीटर लाकूड शिल्लक. आता वेळ मोजू. २६० × १६० क्षेत्र, २१ खोली; त्यातलं सुमारे सत्तर टक्के काढायचं धरलं तर सहा लाख घन मिलिमीटरच्या वर लाकूड. मिनिटाला १,२८० घन मिलिमीटर निघतं. म्हणजे जवळपास आठ तास! हा आकडा पाहून नवखे दचकतात, कारण सगळ्यांना वाटतं की वेळ बारीक कामात जातो. छोट्या मशीनवर तो भुसा काढण्यातच जातो. दणकट राउटरवर ६ मिलिमीटर बिट, ३ मिलिमीटर खोली, ३ मिलिमीटर अंतर आणि २,००० च्या वेगाने हेच काम अर्ध्या-पाऊण तासात उरकतं.

अंतिम फेरीत बाजूचं अंतर ०.२ मिलिमीटर ठेवा. १६० ला ०.२ ने भागलं की ८०० ओळी, प्रत्येक २६० मिलिमीटर. मिनिटाला १,००० च्या वेगाने साडेतीन तास. प्रत्यक्षात चार-पाच, कारण तीव्र उतारावर झेड अक्षाचा कमाल वेग आड येतो आणि सगळं मशीन त्याच्या चालीने चालतं. दोन ओळींमध्ये उरणारी कंगोऱ्याची उंची अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठ पट, म्हणजे इथे एक शतांश मिलिमीटर. ती बोटालाही लागत नाही. अंतर ०.१ केलंत तर वेळ दुप्पट होतो आणि फरक दिसत नाही.

ओळी कुठल्या दिशेने? पुस्तकी उत्तर असं की मुख्य धारेला आडव्या, म्हणजे उतारावर ओळी विरळ होत नाहीत. पण सह्याद्रीत सोंडा चहूकडे फुटतात, एकच दिशा सगळ्यांना न्याय देत नाही. म्हणून मी तंतूंच्या दिशेने जातो. तंतूंना आडवं गेलं की शिवण केस काढते, आणि ते केस खोऱ्यांतून साफ करणं हे या कामातलं सर्वांत कंटाळवाणं प्रकरण.

हे सगळं पाहून हात आखडत असेल तर आधी अर्ध्या मापाचा नमुना करा. १:१,००,००० प्रमाणात तोच भाग १३० × ८० मिलिमीटरमध्ये बसतो, खोली साडेदहा. लाकूड आठव्या हिश्श्याचं, त्यामुळे रफ तासाभरात आणि अंतिम फेरीही तासाभराच्या आसपास. एमडीएफच्या तुकड्यावर करून पाहा. दिशा उलटी आहे का, उंची पटते का, बिट कुठे घासतं का, सगळं इथेच उघड होतं.

मशीनवर

फळी दोन्ही टोकांच्या २० मिलिमीटर पट्ट्यांवर क्लॅम्पने पकडा. तळाला मास्किंग टेप लावून त्यावर सुपर ग्लू टाकण्याची पद्धतही पक्की आहे: एक टेप फळीला, एक बेडला, मध्ये ग्लू. जी-कोड (मशीनच्या हालचालींच्या सूचनांची फाईल) चालवायला कँडल किंवा युनिव्हर्सल जी-कोड सेंडर वापरा. पहिल्यांदा स्पिंडल बंद ठेवून, झेड वर उचलून चौकटीची एक फेरी मारा आणि क्लॅम्प आडवे येत नाहीत ना ते पाहा.

झेडचा शून्य कुठे घेता हे महत्त्वाचं. कोरायच्या भागात घेतलात तर रफ झाल्यावर तो पृष्ठभागच उरत नाही आणि दुसऱ्या बिटाला टेकायला जागा राहत नाही. म्हणून शून्य नेहमी काठाच्या पट्टीवर, पेन्सिलने खूण केलेल्या जागी, कागदाचा तुकडा सरकवून घ्या. बिट बदललं की त्याच खुणेवर परत.

एक्स-वायच्या शून्याचीही कायमची खूण करा. स्वस्त मशीनना होमिंग स्विच (सुरुवातीची जागा आपोआप शोधून देणारे) नसतात. लाइट गेली की मशीनला आपण कुठे आहोत ते आठवत नाही. काठाच्या पट्टीवर ओळखीच्या अंतरावर बारीक भोक पाडून ठेवलं, तर लाइट आल्यावर बिटाचं टोक त्यात बसवून काम पुढे नेता येतं. त्याच कारणाने अंतिम फेरीचे चार भाग करून चार वेगळ्या फाईली ठेवा. एक भाग झाला की स्पिंडल थंड होऊ द्या. छोट्या मशीनची मोटर सलग चार तास तापवण्यासारखी नसते.

डोळ्यांवर चष्मा, नाकावर एन-९५ मास्क, आणि मशीनजवळ हातमोजे, ओढणी किंवा सैल बाह्या नकोत. सागाचा आणि एमडीएफचा भुसा श्वासाला त्रास देतो. व्हॅक्यूम क्लीनरची नळी बिटाजवळ बांधा. मशीन चालू ठेवून बाहेर जाऊ नका: भुशात अडकलेलं, फिरत राहिलेलं बिट आग लावू शकतं.

पॉलिश आणि नावं

अंतिम फेरी झाल्यावर फळी सोडवू नका. भुसा झटकून लाखेचं पातळ पॉलिश ब्रशने सगळीकडे फिरवा आणि सुकू द्या. उभे राहिलेले तंतू कडक होतात. मग तीच अंतिम फेरी पुन्हा चालवा. यावेळी बिट ते साफ कापून टाकतं. यासाठी आणखी चार तास जातात, पण पॉलिश पेपरचे दोन दिवस वाचतात, आणि पॉलिश पेपर जे हमखास करतो ते टळतं: धारा गोल होणं. राजगडाच्या माच्या घासून बोथट केल्यात तर १.४ चा एवढा विचार कशासाठी केला? जिथे घासावंच लागेल तिथे ३२० नंबरचा तुकडा घडी करून फक्त खोऱ्यात आणि पठारावर चालवा. धारांवर नायलॉनचा ब्रश पुरे.

जवसाचं उकळलेलं तेल किंवा मेणाचं पॉलिश, दोन्ही चालतील. मात्र चकचकीत फिनिश नको. चकाकी आली की प्रकाशाचे ठिपके दिसतात आणि उतार दिसेनासे होतात. मागच्या बाजूलाही तेवढेच हात मारा, नाहीतर एकच बाजू ओलावा शोषते आणि फळी वाकते. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चोळामोळा केलेल्या चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या उलगडून बाहेर मोकळ्या हवेत सुकवा किंवा पाण्यात बुडवा.

नावं डोंगरावर कोरू नका, उतारावर अक्षरं तुटतात. तळाच्या पट्टीवर ६० अंशांच्या व्ही-बिटाने 'राजगड-तोरणा', प्रमाण आणि उत्तर दिशेचा बाण एवढं पुरे. देवनागरी अक्षरं निदान सहा मिलिमीटर उंच ठेवा, नाहीतर वेलांट्या आणि रफार भरून जातात. फळी टांगताना प्रकाश वरून-डावीकडून पडेल अशी जागा निवडा. छायांकित नकाशांतही उजेड वायव्येकडूनच धरतात, आणि डोळा त्याला सरावलेला असतो. समोरून सरळ दिवा पडला तर एवढे कोरलेले डोंगर सपाट दिसतील.

मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा: चौकटीचे अक्षांश-रेखांश, पायाची उंची, उंचीची पट, माहितीचा स्रोत. पुढे शेजारचा भाग, समजा सिंहगडाच्या बाजूची रांग, कोरून याला जोडायची झाली तर हेच आकडे जसेच्या तसे लागतात. पायाची उंची दहा मीटरने जरी वेगळी धरली तरी सांध्यावर पायरी पडते. नकाशा विकणार असाल तर कोपर्निकसच्या माहितीचा श्रेयनिर्देश सोबतच्या चिठ्ठीवर छापा, त्यांच्या परवान्याची ती अट आहे.